अनलिमिटेड म्हणजे किती?

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. परदेशात जा, एक प्रीपेड सिम घ्या आणि त्यावर इंटरनेट चालू करायचा प्रयत्न करा. चार महिन्यांत इतके जमतात की पुढचा जन्मभर टपरीवर चहाचे पैसे कोणी घेत नाही. माझ्याकडून तरी कोणी घेत नाही.

आम्ही तिघं टांझानियाला गेलो होतो. मी उंद्रीचा, जिनिंगमधला वायरमन. दुसरा वडनेर भोलजीचा लतीफ. मशिनीचे रोलर बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तिसरा वरवट बकालचा सिद्धार्थ, लतीफचा जोडीदार फिटर. तिकडेही कापूस पिकतो. त्यातली सरकी वेगळी करायच्या मशिनी आपल्याकडून जातात आणि मशिनींच्या मागोमाग आपल्याकडची माणसं जातात. जुलैत गेलो, नोव्हेंबरअखेरपर्यंतचा करार.

गावाकडे सिद्धार्थची चार एकर बीटी कपाशी उभी होती. पाहायला त्याची बायको वैशाली, एकटी. घराचं सगळं वर्ष त्या चार एकरांवर. निघताना हा गडी तिला बजावून आला, "मी फोनवर सांगीन तसंच करजो. मले इचारल्याबिगर काई करू नको."

फोनवर सांगीन म्हणे!

*

तिकडे सिम घ्यायला अस्सल पासपोर्ट लागतो आणि आमचे पासपोर्ट मॅनेजरच्या लोखंडी कपाटात. "तुमच्याकडे हरवतील," असं त्याचं म्हणणं. मॅनेजरही आपल्याकडचाच. लतीफ वीस वर्षं दुसऱ्यांच्या लाखोंच्या मशिनी खोलून जोडतो, एक स्क्रू हरवत नाही. पण स्वतःचा पासपोर्ट म्हणे हरवेल. कपाटाची किल्ली साहेबाच्या कमरेला.

"साहेब, सिम घ्यायचंय, पासपोर्ट द्या."

"झेरॉक्स घेऊन जा."

घेऊन गेलो. चौकात छत्रीखाली बसून सिम विकणारा जुमा नावाचा माणूस होता. त्याला थोडं हिंदी यायचं. आमच्या आधीच्या फिटर लोकांनी शिकवलेलं, त्यामुळे त्यात शिव्याच जास्त. त्यानं झेरॉक्स पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि शिकवलेल्यातलं एक वाक्य वापरलं. बिनचूक वापरलं!

शेवटी मॅनेजर स्वतः आला. तीन पासपोर्ट कापडी पिशवीत, पिशवी छातीशी. जुमा म्हणाला, ज्याचा पासपोर्ट त्यानं तो तोंडाजवळ धरायचा, म्हणजे फोटो काढतो. मॅनेजर म्हणाला, "हातात देणार नाही. मीच धरतो." मग एकेकाच्या पुढं उभं राहून त्यानं पासपोर्ट धरला आणि जुमानं तीन फोटो काढले. तिन्ही वेळा मोबाइलवर हिरवी खूण उमटली, चेहरा सापडला म्हणून.

कोणाचा सापडला, हे तेव्हा कोणीच पाहिलं नाही.

*

सिम हातात आलं तरी चालू होत नाही. कंपनीचा माणूस बाजारातल्या ऑफिसात येऊन तपासणी करतो, मग चालू होतं. जुमानं सांगितलं, तो रोज दोन वाजता येतो.

दोनला गेलो. येऊन गेला म्हणाले. दुसऱ्या दिवशी दीडलाच गेलो. येऊन गेला! तिसऱ्या दिवशी जेवण सोडून बारालाच जाऊन बसलो. तरी येऊन गेलेला.

लतीफ भडकला. "हा मानूस दोन वाजता येते का दोन वाजता मरते बे?"

जुमा पोट धरून हसला. तिकडे दिवस मोजायची रीतच वेगळी. सकाळी सूर्य उगवला की घड्याळ सुरू. आपले सात म्हणजे त्यांचा एक. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. कंपनीचा माणूस आठला यायचा आणि नवाला जायचा. नंतरचा सगळा दिवस ऑफिसात फक्त आम्ही.

लतीफनं जरा विचार केला आणि म्हणाला, "बराबर त हाय. सूर्य निंघाला का दिवस सुरू. येडे आपन हाव, अर्ध्या राती तारीख बदलतो."

चौथ्या दिवशी सकाळी आठला हजर झालो. त्या दिवशी सुट्टी होती.

*

सिम ज्या पाकिटात आलं होतं त्यात आणखी एक लहान पाकीट होतं. मी आणि लतीफनं ते जपून ठेवलं. सिद्धार्थनं मोठं पाकीट दातानं फाडलं, सिम काढलं आणि लहान पाकीट न पाहताच मागं नालीत भिरकावलं. इतक्या सफाईनं भिरकावलं की हा हात सरावाचा आहे, हे मी ओळखलं.

इंटरनेट सुरू करायचा आकडा त्या लहान पाकिटात होता. तो टाकल्याशिवाय सिम नुसतं बोलण्यापुरतं.

"काऊन फेकलं बे?" लतीफ ओरडला.

"बॅगीतलं लहान पाकीट आजपर्यंत कोनं पेरलं?" सिद्धार्थ शांतपणे म्हणाला.

आता ज्यांनी कधी बीटी लावली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बियाण्याच्या बॅगेत एक लहान पाकीट यायचं, साध्या कपाशीच्या बियांचं. ते शेताच्या कडेनं चारी बाजूंनी लावायचं. म्हणजे काही अळ्या तिथं सुखानं जगतील आणि बीटीच्या झाडातलं अळी मारणारं विष पचवायला शिकणार नाहीत. शास्त्रज्ञांनी चांगलं डोकं लावलं होतं. आमच्याकडे ते पाकीट सरळ बांधावर फेकलं जायचं. दुकानदारानं कधी समजावलं नाही. कंपनीनं पाकिटावर लिहिलं होतं, पण इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला अळीचेच डोळे पाहिजेत. अळीनं वाचलं असावं. कारण काही वर्षांत ती बीटी पचवायला शिकली, आम्ही मात्र पाकीट पेरायला शिकलो नाही.

"मले वाटलं हेही बांधावर लावाले देल्लं असन," असं म्हणून सिद्धार्थ पँट वर करून नालीत उतरला.

पाकीट सापडलं, पण आकडा धुऊन गेला होता. नवा मिळायला बारा दिवस लागले.

*

मी एकदा जुमाला विचारलं, "ह्या पॅकवर अनलिमिटेड लिहिलंय. अनलिमिटेड म्हणजे किती?"

"दीड जीबी," जुमा म्हणाला.

चेहऱ्यावरची रेघ हलली नाही त्याच्या. आम्हीही हसलो नाही. 'अळीपासून संपूर्ण संरक्षण' असं छापलेल्या बॅगा आम्ही रांगेत उभं राहून आणलेल्या होत्या. आम्ही गेलो त्या वर्षी गावोगाव बोंडांत गुलाबी अळी निघाली होती आणि आमच्या कृषी केंद्रवाल्याला कोणी जाब विचारला तर तो म्हणायचा, "संपूर्ण म्हणजे नव्वद दिवस."

*

ऑक्टोबरात वैशालीनं निरोप पाठवला की आपल्याही पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, अळी हाय, बोंडं फोडून फोटो पाठवते. तिच्याकडची तऱ्हा अशी, की घरात रेंज नाही. संग्रामपूरच्या रस्त्याला पाण्याची टाकी आहे, तिच्या चार पायऱ्या चढल्या की फोटो जातो. बाई बोंडं फोडायची, फोटो काढायची, दीड किलोमीटर चालायची आणि टाकीवर चढायची.

इकडे सिद्धार्थनं तासाभराचा नवा पॅक मारला आणि आम्ही तिघं फोटो उघडायला बसलो. तिकडच्या नेटवर फोटो एकदम उघडत नाही, वरून खाली सरकतो. आधी आभाळ आलं. निळं, छान. मग बांधावरची बाभूळ. बऱ्याच वेळानं वैशालीची बोटं आली. बोटांत बोंड आहे हे दिसायला लागलं. बोंडाचा वरचा शेंडा आला. आणि पॅक संपला.

तिघंही त्या अर्ध्या बोंडाकडे पाहत राहिलो.

"आभाळ चांगलं हाय," लतीफ म्हणाला.

मी सिद्धार्थला म्हणालो, "अरे, ती सांगते आहे ना अळी आहे म्हणून. तिनं डोळ्यांनी पाहिलंय."

"म्या पाह्यल्याबिगर कसं सांगू? तिले त्यातलं काय समजते?"

मला मनापासून राग आला. दहा वर्षांची असल्यापासून ती बाई कापूस वेचते आहे. हा माणूस मशिनीवर आलेला कापूस ओळखतो, झाडावरचा तिनं ओळखायचा. पण नाही! साहेब टांझानियातून पाहणार, आणि तेही आभाळापासून सुरुवात करून.

*

मध्येच लतीफचं सिम बंद पडलं. कस्टमर केअरला फोन लावला. वीस मिनिटं एकच गाणं ऐकवून झाल्यावर एक मुलगी इंग्रजीत बोलली. तुम्हीच लतीफ कशावरून, असं तिचं विचारणं. खात्रीसाठी शेवटी लावलेले पाच नंबर सांगा.

लतीफनं अम्मीचा नंबर सांगितला.

"दुसरा?"

त्यानं परत अम्मीचाच सांगितला. तिसराही तोच. मुलगी म्हणाली, सर, पाच वेगवेगळे नंबर पाहिजेत.

लतीफनं फोन तोंडासमोर धरला आणि मराठीतच गरजला, "मले एकच माय हाय, मॅडम!"

तिनं ऑफिसात पासपोर्ट घेऊन यायला सांगितलं. मॅनेजर दिवाळीला गावी गेलेला, कमरेला किल्ली लावून. नऊ दिवस लतीफ मुका. मॅनेजर परत आल्यावर आम्ही सगळे ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईनं पासपोर्टवरचा नंबर टाकला, स्क्रीनवर फोटो पाहिला आणि एकदम उठून उभी राहिली. मॅनेजरशी हात मिळवला. "या, मिस्टर लतीफ," म्हणून त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, सिम चालू करून त्याच्याच हातात ठेवलं. तिच्या कागदोपत्री तिन्ही सिमांवर एकच तोंड होतं.

खरा लतीफ मागं भिंतीला टेकून उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "बसू द्या त्याले. अम्मीच्या शिव्याही त्यालेच खाऊ द्या आता."

*

जिनिंगमध्ये कापसाचा बारीक भुगा उडतो. नाकात जातो, डोळ्यांत जातो, मोबाइलच्या भोकांतही जातो. लतीफचा मोबाइल हळू बोलायला लागला. आता हा फिटर माणूस. मशिनीत भुगा अडकला की आमच्याकडे एकच इलाज, कॉम्प्रेसरची हवा. लतीफनं मोबाइल खोलला, पाइप धरला आणि हवा सोडली. भुगा गेला. भुग्याबरोबर कानापाशी आवाज देणारी चकतीही उडाली. ती सरकीच्या ढिगात गेली आणि सापडलीच असेल तर एखाद्या तेल गिरणीला सापडली असेल.

तेव्हापासून त्याचा मोबाइल फक्त मोठ्यानं बोलायचा. अम्मीचा फोन आला की अख्खी जिनिंग ऐकायची. अम्मी त्याच्यासाठी मुली पाहत होती. "लडकी बी.ए. है, मगर तेरेकू देखके हां बोलेगी क्या, येच डर है," हे आम्ही बारा जणांनी एकदम ऐकलं. सहा टांझानियन त्यात होते. त्यांना भाषा समजली नाही, पण लतीफच्या तोंडावरून सगळं समजलं. एक म्हातारा कामगार तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

सिद्धार्थचा पॅक संपलेला असायचा, म्हणून एकदा त्यानं ह्याच मोबाइलवरून साधा कॉल लावला. वैशालीचा आवाज शेडभर घुमला.

"अहो, ऐकू येऊन राह्यलं का? दहा बोंडं फोडली का आठात अळी हाय. आता फवारून काई होत नाई. रोटावेटरवाला गुरुवारी गावात येऊन राह्यला. पऱ्हाटी मोडून टाकली त जमिनीत ओल हाय, हरभरा निंघून जाईन. दहा दिवस गेले का ओलही गेली. मंग हेही नाई अन् थेही नाई. सांगा, काय करू?"

मशिनी चालू होत्या, तरी कामगार थांबून ऐकत होते. सिद्धार्थ मोबाइलकडे पाहत राहिला. चार एकर उभं पीक मोडायचं, हे तोंडातून निघणं सोपं नसतं, हे मलाही समजतं. पण बायको वाट पाहत होती आणि बॅलन्स पळत होता. सिद्धार्थनं खाकरून घसा साफ केला, "हे पाह्य..." म्हणाला आणि बॅलन्स संपला.

त्या दिवशी मंगळवार होता. त्यानं संध्याकाळी रिचार्ज मारला, नेटवर्क नव्हतं. बुधवारी नेटवर्क आलं, वैशाली टाकीवर नव्हती. गुरुवारी मी त्याला काही विचारलं नाही.

*

पुढं तीन आठवडे धड कॉल लागला नाही. लागला की "बरी हाय, तुम्ही जेवले का?" एवढं होऊन तुटायचा. सिद्धार्थला वाटायचं, ती आपल्या हुकमाची वाट पाहत थांबली आहे. तसं तो बोलूनही दाखवायचा. "मले इचारल्याबिगर थे पानही हालवत नाई." लतीफ माझ्याकडे पाहायचा, मी मशिनीकडे.

आमची निघायची वेळ आली तेव्हा जिनिंगच्या मागंच नवीन टॉवर उभा राहिला. आपलं नशीब सगळीकडे सारखंच. रविवार होता, दुपारची सुट्टी. सिद्धार्थचा मोबाइल पाचच्या पाच दांड्या दाखवायला लागला. त्यानं दाढी केली, शर्ट बदलला, मोबाइल तांब्याला टेकवून खोलीत पंख्यापुढं बसला आणि व्हिडिओ कॉल लावला. मी आणि लतीफ बाजूच्या खाटेवर. सिद्धार्थचा मोबाइलही आता मोठ्यानंच लावलेला.

चार महिन्यांत पहिल्यांदा चित्र असं स्वच्छ आलं की वैशालीच्या कपाळावरचा घामही दिसत होता. ती शेतात उभी होती. रेंज शेतात कशी आली, हे विचारायचंही भान राहिलं नाही.

"दिसून राह्यलं का?" तिनं विचारलं.

"एकदम क्लिअर!" सिद्धार्थ ताठ बसला. "हे पाह्य, म्या लय इचार केला. तू आधी मले पऱ्हाटी दाखव. सगळी दाखव, चारी बाजूनं. मंग म्या सांगतो काय कराचं थे."

 वैशालीनं मोबाइल फिरवला.

आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. काळी जमीन, एकसारखी, या बांधापासून त्या बांधापर्यंत. एक पऱ्हाटी उभी नव्हती. ओळीओळीनं हरभरा निघाला होता, वीतभर, हिरवागार. तिनं सावकाश चारी बाजू दाखवल्या, सांगितल्या तशा. कुठं थांबलं नाही, अडकलं नाही, तुटलं नाही. मग मोबाइल परत स्वतःकडे वळवला.

"पाह्यलं? आता सांगा, काय करू?"

सिद्धार्थ बोलेना. हललासुद्धा नाही. तोंड अर्धं उघडं, डोळे एका जागी, एक हात हवेत. मोबाइलच्या पडद्यावर हँग झालेलं तोंड आम्ही इतक्या वेळा पाहिलं होतं की लतीफ चटकन उठला आणि मोबाइलमध्ये डोकावला. पाचच्या पाच दांड्या. वैशाली स्वच्छ दिसत होती आणि ती थेट सिद्धार्थकडे पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या मागचा पंखा फिरून राह्यला."